ब्रुकलिनचे भाकीत आणि रेडिओवरचा आवाज

गुढीपाडव्याला पंचांग उघडून वर्षफल ऐकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पाऊस किती, धान्य स्वस्त की महाग, प्रजेला सुख की पीडा, हे सर्व त्यात सांगितलेले असते. आणि दिवाळीनंतर त्याचा ताळा पाहण्यासाठी ते पान कोणी पुन्हा उघडीत नाही. अमेरिकेत जवळपास याच सुमारास, एप्रिलच्या आरंभी, असेच एक वर्षफल घरोघर वाचले जाते. ते बेसबॉलचे असते. कोणता संघ पहिला येईल, कोणता तळाला जाईल, कोणाचा हात उतरला आणि कोणाचा चढला, याची कोष्टके वर्तमानपत्रांचे जाणते लेखक मांडतात. त्यांवर न्हाव्याच्या दुकानात आणि ट्रामगाडीत वाद होतात. एक फरक मात्र आहे. बेसबॉलच्या वर्षफलाचा ताळा रोज संध्याकाळी, सर्वांच्या देखत, पाहिला जातो. किंबहुना देखत म्हणण्यापेक्षा ऐकत म्हणणे अधिक खरे. कारण या शतकभरात बहुसंख्य शौकिनांनी हा खेळ डोळ्यांनी जेवढा पाहिला, त्याहून कितीतरी अधिक तो रेडिओवर ऐकला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. एका संघाचा गडी चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. दुसऱ्या संघाचा गडी गोल दांड्याने तो टोलवितो. चेंडूला टप्पा नसतो, तो थेट येतो. तीनदा चुकला की फलंदाज बाद. टोला साधला तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांना शिवून पुन्हा घरी यावयाचे, की एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की पाळी संपते आणि अशा नऊ पाळ्या असतात. टोला कुंपणापार गेला की होमरन. आपला षटकारच म्हणा ना. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळे. मग दोन संघमंडळांचे विजेते ऑक्टोबरात समोरासमोर येत. जो आधी चार सामने जिंकेल तो अजिंक्य. या झुंजीला 'जागतिक मालिका' असे भारदस्त नाव आहे. तिच्यात अमेरिकेबाहेरचे जग त्या काळी औषधालाही नसे, पण नाव ठेवणाऱ्याचा हात कोण धरणार?

आता ब्रुकलिनकडे वळू. हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते; त्या साली ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि तेव्हापासून थोरल्या भावाच्या घरात राहणाऱ्या धाकट्याप्रमाणे मनात काहीसे खुपत राहिले. तेथे इटालियन, आयरिश, ज्यू, अशी स्थलांतरित कष्टकरी वस्ती. गल्लोगल्ली चर्चे, सभागृहे आणि खाणावळी. ट्रामगाड्यांचे जाळे इतके दाट की रस्त्याने चालणाऱ्याला सदा त्या चुकवीत चालावे लागे. म्हणून तेथल्या संघाचे नावच 'डॉजर्स', म्हणजे चुकवेगिरी करणारे, असे पडले. शेजारी मॅनहॅटनमध्ये जायंट्स आणि ब्राँक्समध्ये यांकीज हे दोन श्रीमंत, विजयी संघ. डॉजर्स मात्र १९२० साली एकदा आपल्या मंडळात पहिले आले, त्यानंतर वीस वर्षे त्यांच्या वाट्याला थट्टेखेरीज फारसे काही आले नाही.

या थट्टेतूनच भाकितांच्या इतिहासातले एक प्रसिद्ध प्रकरण उद्भवले. १९३४ च्या आरंभी जायंट्सचा व्यवस्थापक बिल टेरी वार्ताहरांशी बोलत होता. त्याचा संघ नुकताच अजिंक्य ठरलेला. येत्या हंगामात कोण कोण तुल्यबळ, याची चर्चा चालली असता कोणी ब्रुकलिनचे नाव काढले. टेरीने हसत विचारले, ब्रुकलिन अजून मंडळात आहे काय? झाले! वाक्य छापले गेले आणि ब्रुकलिनने ते आठ महिने गाठीला बांधून ठेवले. सप्टेंबरच्या अखेरीस जायंट्स आणि सेंट लुईसचे कार्डिनल्स बरोबरीत आले. दोन सामने उरले, आणि जायंट्सचे ते दोन्ही सामने सहाव्या क्रमांकावर रखडलेल्या याच ब्रुकलिनशी होते. ब्रुकलिनची माणसे मॅनहॅटनच्या मैदानावर लोटली. डॉजर्सनी दोन्ही सामने जिंकले, आणि ध्वज सेंट लुईसला गेला. ब्रुकलिनला त्यातून क्रमांक, पैसा, पदक यांपैकी काहीच मिळाले नाही. मिळाले ते एवढेच की मंडळात ते अजून आहेत हे टेरीला कळले. त्या वेळी ब्रुकलिनचा व्यवस्थापक केसी स्टेंगेल नावाचा एक विनोदी गृहस्थ होता. त्याची गाठ पुढे पुन्हा पडावयाची आहे.

हे दोन सामने ब्रुकलिनच्या घराघरांतून ऐकले गेले असते तर काय बहार झाली असती! पण ते शक्य नव्हते. बेसबॉल रेडिओवर येऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन नावाच्या एका तरुण नोकराने, टेलिफोनचे यंत्र जुळवून केलेल्या ध्वनिग्राहकात बोलून, पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया यांच्या सामन्याचे वर्णन केले होते. हे खूळ देशभर पसरले. परंतु न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांच्या मालकांना त्याची धास्ती वाटली. जे घरी बसून फुकट मिळते त्यासाठी तिकीट कोण काढील, हा त्यांचा हिशेब. त्यांनी आपसांत करार करून १९३४ पासून पाच वर्षे आपल्या मैदानांवरून रेडिओला बंदी घातली. व्यापाऱ्याचे भाकीत म्हणून हे नोंदून ठेवण्यासारखे आहे. योगायोग असा की त्याच १९३४ साली मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी एस्प्लनेड मैदानावरील चौरंगी सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवर केले. त्यांना सहवक्ता खपत नसे, दिवसभर एकटेच बोलत. क्रिकेट रेडिओवर ऐकण्याची जी गोडी आपल्याकडे तेव्हा लागली, आणि बाळ ज. पंडित यांच्या वाणीने जी पुढे मराठीत घरोघर पोचली, तिच्या आधारे ब्रुकलिनची ही पुढची हकिकत समजण्यास मराठी श्रोत्याला जड जाऊ नये.

न्यूयॉर्कबाहेर त्या काळी एक विलक्षण प्रकार चाले. दूरगावी चाललेल्या सामन्याला वक्ता पाठविणे महाग पडे. म्हणून मैदानावरून तारेने त्रोटक संकेत येत: चेंडू फेकला, चुकला, टोला, बाद. स्टुडिओत बसलेला वक्ता त्या चार अक्षरांना मांस चढवून डोळ्यांपुढे सामना चालला असल्यासारखा बोले. लाकडी ठोकळ्यावर टिचकी मारली की टोल्याचा आवाज झाला. प्रेक्षकांचा गलका तबकडीवर तयार असे. आयोवा राज्यातील डी मॉइन येथे बसून शिकागोचे सामने असे रंगविणारा एक देखणा तरुण होता. एके दिवशी ऐन रंगात तार बंद पडली. फलंदाज समोर उभा, चेंडू हातातून सुटलेला, आणि पुढे काय झाले ते ठाऊक नाही! केंद्र बदलून श्रोते निघून जातील या भयाने या पठ्ठ्याने फलंदाजाकडून चेंडू मैदानाच्या कडेबाहेर मारविला. नियमाप्रमाणे अशा टोल्याने काही घडत नाही, खेळ जागच्या जागी राहतो. मग दुसरा, तिसरा, असे सहा मिनिटांहून अधिक काळ तो बिचारा फलंदाज बाहेरच मारीत राहिला. तार सुरू झाली तेव्हा कळले की तो पहिल्याच चेंडूवर झेलबाद झाला होता. ही गोष्ट तो तरुण पुढे जन्मभर मोठ्या खुषीने सांगत असे. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. १९८१ ते १९८९ तो अमेरिकेचा अध्यक्ष होता.

गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. पण डी मॉइनच्या त्या श्रोत्याने त्या सहा मिनिटांत श्वास रोखून जे ऐकले, ते कोठेही घडलेले नव्हते. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो सर्वस्वी दुसऱ्याच्या वाणीवर टेकलेला असतो. त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्या धंद्यात फारच थोड्यांनी मनाशी विचारला. ज्यांनी विचारला त्यांच्यापैकी पहिले नाव रेड बार्बर यांचे.

बार्बर दक्षिणेकडचे; जन्म मिसिसिपीत, वाढले फ्लोरिडात. १९३४ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने त्यांना वक्ता म्हणून नेमले आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी वर्णन केलेला सामना हा त्यांनी आयुष्यात पाहिलेला त्या दर्जाचा पहिलाच सामना होता. त्यांचा त्या वेळचा धनी लॅरी मॅकफेल १९३८ साली ब्रुकलिनला कारभारी म्हणून आला. हा माणूस वादळासारखा. त्याने एबेट्स फील्ड या मैदानावर दिवे लावून रात्रीचे सामने सुरू केले, आणि पाच वर्षांचा करार संपताच रेडिओची बंदी झुगारून १९३९ मध्ये बार्बर यांना बोलावून घेतले. शेजारच्या दोन संघांनाही मग मुकाट्याने रेडिओ घ्यावा लागला. मैदाने ओस पडतील हे भाकीत कसे ठरले? १९४१ साली ब्रुकलिनच्या लहानशा मैदानावर हंगामभरात १२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. संघही सुधारला होता हे मान्य. पण जी बाई भाजी चिरता चिरता खेळाडूंची नावे शिकली, ती पुढे मुलांना घेऊन मैदानावर येऊ लागली, हेही तितकेच खरे.

बार्बर यांच्या बोलण्यात आरडाओरड नसे. दक्षिणेकडच्या खेड्यांतले शब्द, शेतातली उपमा, आणि मंद, गोड हेल. आपल्यापुढे ते वाळूचे तीन मिनिटांचे घड्याळ ठेवीत, अंडी उकडताना स्वयंपाकघरात ठेवतात तसले. वाळू सरली की घड्याळ उलटावयाचे आणि धावसंख्या सांगावयाची. कारण रेडिओ आताच लावणारा कोणीतरी असतोच, आणि त्याला सर्वांत आधी तेच हवे असते. परगावचे सामने त्यांनाही तारेवरून सांगावे लागत. पण त्यांनी खोटा गलका कधी लावला नाही. ते ध्वनिग्राहक तारयंत्राजवळ ठेवीत, म्हणजे कडकट्ट ऐकू येई आणि श्रोत्याला कळे की हा माणूस मैदानावर नाही, तारेवरून सांगत आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत तेव्हा ब्रुकलिनच्या रस्त्याने चालत गेलेल्या माणसाचा एकही चेंडू चुकत नसे, अशी आठवण त्या काळचे लोक सांगत. दर घरातून तोच आवाज.

१९४१ साली, एकवीस वर्षांनी, डॉजर्सनी मंडळाचा ध्वज जिंकला आणि जागतिक मालिकेत गाठ पडली यांकीजशी. चौथ्या सामन्यात ब्रुकलिन जिंकल्यातच जमा होते. अखेरचा फलंदाज तिसऱ्यांदा चुकला, पंचाने हात वर केला, आणि यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा मिकी ओवेन याच्या हातून तो चेंडू निसटला. नियम असा की तसे झाल्यास फलंदाज पळू शकतो. तो पळाला. यांकीजनी त्याच पाळीत चार धावा काढून सामना घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही. तेव्हापासून ब्रुकलिनच्या तोंडी एक वाक्य रुळले: थांबा, पुढच्या वर्षी पाहा! ब्रुकलिनचे भाकीत ते एवढेच. त्यात आकडे नाहीत, कोष्टक नाही, खेळाडूंच्या हातांची चिकित्सा नाही. १९४७ साली यांकीजकडून पुन्हा हार. पुढच्या वर्षी पाहा. १९४९ साली हार. पुढच्या वर्षी पाहा. १९५२, १९५३, तोच संघ, तीच हार, तेच वाक्य.

यातील १९४७ या सालाशी थोडे थांबले पाहिजे. १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू डॉजर्सकडून मैदानात उतरला. विसाव्या शतकात मोठ्या मंडळात खेळणारा तो पहिला. संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी आपला हा बेत दोन वर्षे आधी बार्बर यांच्या कानावर घातला होता. बार्बर दक्षिणेत वाढलेले; वर्णभेद त्यांना दुधातून पाजलेला. त्या रात्री घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितले की आपण ही नोकरी सोडणार. पत्नीने शहाणपणाचा सल्ला दिला की निर्णय आजच घेतला पाहिजे असे नाही. पुढे बार्बर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की विचार करता करता त्यांना उमगले, आपले काम चेंडू कोठे गेला ते सांगण्याचे. तो कोणाच्या हातून गेला त्याच्या कातडीचा रंग सांगण्याचे नव्हे. रॉबिन्सन धावला तर धावला म्हणावयाचे, बाद झाला तर बाद. त्यांनी तेच केले. खिडक्यांतून येणारा तो दक्षिणी हेलाचा आवाज रॉबिन्सनचे नाव इतरांच्या नावांसारखेच घेतो, ही गोष्ट ब्रुकलिनने त्या उन्हाळ्यात रोज ऐकली. रॉबिन्सनला स्वतःला जे सोसावे लागले त्याच्यापुढे हे काहीच नाही. तरी ज्या माणसाला हे सोपे नव्हते त्याने ते केले, याची नोंद राहावी.

त्याच वर्षीच्या जागतिक मालिकेत एक मौज घडली. चौथ्या सामन्यात यांकीजचा पिचर बिल बेव्हन्स याला नवव्या पाळीपर्यंत एकही सरळ टोला बसला नव्हता. असा सामना जागतिक मालिकेत पूर्वी कधी झाला नव्हता. आता या खेळात एक संकेत आहे: हे चालू असताना त्याचा उच्चार करावयाचा नाही, केला की दृष्ट लागते. आपल्याकडे शतकाच्या उंबरठ्यावरील फलंदाजाबद्दल आजीबाई गप्प बसतात, तशातलेच. सामन्याच्या पूर्वार्धात बोलणाऱ्या सहकाऱ्याने संकेत पाळला होता. बार्बर यांनी ध्वनिग्राहक हाती घेताच आकडे सांगून टाकले: टोले, शून्य. दोन गडी बाद झाले, एकच उरला. आणि कूकी लाव्हाजेटोने चेंडू उजवीकडच्या भिंतीवर आदळला. दोन धावा झाल्या, ब्रुकलिनने सामना ३-२ असा जिंकला. यांकीजच्या पुष्कळ भक्तांनी बार्बर यांना दोष दिला. बातमी देणाऱ्याच्या तोंडाला इतके सामर्थ्य असते तर ब्रुकलिनला पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागली नसती, हे त्या रागात कोणाच्या ध्यानी आले नाही.

बेसबॉलच्या सर्व भाकितांची राखरांगोळी झाली ती १९५१ साली. ऑगस्टच्या मध्यास डॉजर्स जायंट्सच्या तब्बल तेरा सामने पुढे होते. जाणत्यांनी वही मिटली. त्यानंतर जायंट्स जिंकतच सुटले, बरोबरीत आले, आणि तीन सामन्यांची निर्णायक झुंज झाली. ३ ऑक्टोबर रोजी तिसऱ्या सामन्याच्या अखेरच्या पाळीत ब्रुकलिन ४-१ ने पुढे होते. एक धाव निघाली, दोन गडी कोपऱ्यांवर, आणि बॉबी टॉमसनने राल्फ ब्रँकाचा चेंडू डावीकडच्या कुंपणापार भिरकावला. जायंट्सचा वक्ता रस हॉजेस भान विसरून ध्वज जिंकल्याचे तेच वाक्य पुनःपुन्हा ओरडत राहिला. त्याचे ध्वनिमुद्रण एका शौकिनाने घरी करवून घेतले म्हणून ते शब्द अमेरिकेत आजही सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्या कक्षात बार्बर यांनी तोच चेंडू कुंपणापार गेल्याचे सांगितले आणि गलक्याला बोलू दिले. दोघांपैकी कोण श्रेष्ठ, यावर आजही वाद होतो. जायंट्सचे लोक दूर खोलीत दुर्बीण लावून प्रतिपक्षाच्या खुणा चोरीत होते, ही गोष्ट २००१ मध्ये तपशीलवार प्रसिद्ध झाली. तोवर ब्रँकाने पन्नास वर्षे तो चेंडू उरावर वागविला होता.

ब्रुकलिनच्या सोशिकपणाचे खरे दर्शन मात्र जिंकण्याहरण्यात नाही, ते गिल हॉजेस याच्या हकिकतीत आहे. (जायंट्सच्या त्या वक्त्याशी याचे आडनावापुरतेच नाते.) हॉजेस डॉजर्सचा आधारस्तंभ, शांत, धिप्पाड, धर्मशील. १९५२ च्या जागतिक मालिकेत त्याने एकवीस वेळा प्रयत्न केला आणि एकही टोला लागला नाही. पुढच्या हंगामाच्या आरंभीही तेच. दुसऱ्या एखाद्या गावाने असल्या गड्याची हुर्यो केली असती. ब्रुकलिनने त्याला टपालाने पत्रे, तायत, जपमाळा, सल्ले पाठविले. १९५३ च्या मे महिन्यात एका रविवारी फार उकडत होते. सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये फादर हर्बर्ट रेडमंड व्यासपीठावर आले आणि म्हणाले की आज उकाडा इतका आहे की प्रवचन नको. घरी जा, आज्ञा पाळा, आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. हॉजेसचा हात हळूहळू सुटला, आणि त्याने त्या हंगामाची सरासरी .३०२ वर नेऊन ठेवली. ही सरासरी या खेळात उत्तम समजतात. हे प्रार्थनेचे फळ की सरावाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे खरे की ज्या मंडळींनी त्या रविवारी गुडघे टेकले, त्यांनी घरी जाऊन रेडिओ लावला.

त्याच काळात न्यूयॉर्कजवळच्या एका उपनगरात डोरिस कर्न्स नावाची लहान मुलगी दुपारभर रेडिओपुढे वही घेऊन बसे. वडिलांनी तिला खेळाची नोंद ठेवण्याची रीत शिकविली होती. संध्याकाळी ते कामावरून आले की ती वहीवरून सबंध सामना त्यांना सांगे. आरंभी तिला धीर निघत नसे. शेवट काय झाला ते ती आधीच बोलून टाकी. पुढे तिला कळले की गोष्ट क्रमाने सांगावयाची असते. डोरिस कर्न्स गुडविन या नावाने ती नामांकित इतिहासकार झाली. आपल्या या बालपणावर तिने १९९७ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ब्रुकलिनचे तेच भाकीत. पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी तिने धर्मगुरूंपुढे कबुली दिली की प्रतिपक्षाच्या खेळाडूंचे हातपाय मोडावेत असे आपण इच्छिले. धर्मगुरू स्वतः डॉजर्सचे निघाले.

आणि मग १९५५ उजाडले. डॉजर्सनी पहिले दहा सामने ओळीने जिंकले आणि ध्वजाची चिंता वसंतातच मिटविली. ऑक्टोबरात पुन्हा यांकीज. पहिले दोन सामने गेले. सात सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन गमावून कोणी सावरल्याचा दाखला तोवर नव्हता. तरी मालिका सातव्या सामन्यापर्यंत खेचली गेली. ४ ऑक्टोबर रोजी जॉनी पॉड्रेस या तेवीस वर्षांच्या पिचरने यांकीजना एकही धाव दिली नाही, आणि सँडी अमोरोसने डावीकडच्या कोपऱ्यात धावत जाऊन एक अशक्य झेल टिपला. ब्रुकलिन २-० ने जिंकले. दोन्ही धावा हॉजेसमुळे झाल्या. बार्बर तेव्हा ब्रुकलिन सोडून यांकीजकडे गेले होते. त्यांच्या जागी त्यांनीच घडविलेले व्हिन स्कली होते. जेझुइटांच्या फोर्डम विद्यापीठात शिकलेले स्कली दूरचित्रवाणीवर बोलत होते. ब्रुकलिनचे डॉजर्स जगज्जेते झाले, अशा अर्थाचे एकच वाक्य त्यांनी उच्चारले आणि ते थांबले. आणखी एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो, असे ते नंतर सांगत.

दोनच वर्षांनी संघ गेला. मालक वॉल्टर ओमॅली यांना नवे मैदान हवे होते, नगराचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांना ती जागा द्यावयाची नव्हती. या दोघांच्या हट्टात ब्रुकलिनला कोणी विचारले नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, प्रेक्षक ६,७०२. एकाही जाणत्या लेखकाने कोणत्याही एप्रिलमध्ये हे भाकीत कोष्टकात मांडले नव्हते. डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. न्यूयॉर्कमध्ये उरलेल्या जायंट्सच्या भक्तांसाठी १९५८ मध्ये लेस कायटर हा वक्ता रात्री स्टुडिओत बसून, तारेवरून आणि लाकडी ठोकळा वाजवून, तीन हजार मैलांवरचे सामने सांगत असे. जुनी युक्ती, या वेळी शोक करणाऱ्यांसाठी. इकडे लॉस एंजेलिसचे मैदान इतके अवाढव्य की वरच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसत. लोक खिशात ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. समोर खेळ चाललेला असे आणि हजारो लोक स्कली यांच्याकडून तो ऐकत. १९६० मध्ये एकदा स्कली यांना कळले की पंचाचा वाढदिवस आहे. त्यांनी एक, दोन, तीन म्हटले आणि सबंध मैदानाने पंचाला शुभेच्छा दिल्या. पंच चकित झाला. एवढ्या लोकांना कोणी सांगितले हे त्याला दिसलेच नव्हते. स्कली या आसनावर २०१६ पर्यंत, ६७ हंगाम, बसले.

बार्बर यांचा शेवट इतका गोड झाला नाही. १९६६ साली यांकीजची दैना होऊन ते मंडळात तळाला गेले. २२ सप्टेंबर रोजी भर पावसाळी हवेत त्यांच्या प्रचंड मैदानावर तिकीट काढून आलेले लोक किती, तर ४१३. बार्बर दूरचित्रवाणीवर होते. त्यांनी कॅमेरा रिकाम्या बाकांवरून फिरविण्यास सांगितले. वरून नकार आला. तेव्हा त्यांनी ते तोंडाने सांगितले: आजची बातमी खेळ ही नाही, ही रिकामी बाके आहेत. थोड्याच दिवसांत त्यांना कळविण्यात आले की पुढच्या वर्षी त्यांची आवश्यकता नाही. पुढच्या वर्षी पाहा हे वाक्य मालकही आपल्या परीने वापरू शकतात.

ब्रुकलिनच्या अनाथ भक्तांना १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स हा नवा संघ मिळाला. व्यवस्थापक म्हणून आला तोच केसी स्टेंगेल, ज्याने १९३४ साली टेरीला ब्रुकलिन जिवंत असल्याचे दाखविले होते. मधल्या काळात त्याने यांकीजना सात वेळा अजिंक्य केले होते. पण मेट्सनी पहिल्या हंगामात १२० सामने गमावले. आधुनिक काळात इतके कोणी गमावले नव्हते. लोक तरी येत, कारण या पराभवांत त्यांना काहीतरी ओळखीचे ऐकू येत होते. १९६८ मध्ये व्यवस्थापक बदलला. आला गिल हॉजेस. १९६९ च्या एप्रिलमध्ये पैज लावणाऱ्यांनी मेट्सचा भाव शंभरास एक असा ठेवला. हॉजेसच्या संघाने १०० सामने जिंकले आणि जागतिक मालिकेत १०९ सामने जिंकून आलेल्या बाल्टिमोरशी गाठ घेतली.

१६ ऑक्टोबर १९६९, पाचवा सामना. मेट्स ३-० ने मागे. फलंदाज क्लिऑन जोन्स म्हणाला की चेंडू आपल्या पायाला लागला. नियमाप्रमाणे त्याला पहिला कोपरा मिळावयास हवा. पंच ऐकेना. तेव्हा हॉजेस आपल्या नेहमीच्या संथ चालीने बाहेर आला. हातात चेंडू होता. त्याने तो पंचापुढे धरला आणि त्यावरचा डाग दाखविला. तो जोन्सच्या बुटाच्या पॉलिशचा होता. पंचाने चेंडू फिरवून पाहिला आणि जोन्सला पहिल्या कोपऱ्याकडे जाण्याची खूण केली. पुढचाच फलंदाज डॉन क्लेंडेनन याने होमरन मारला, आणि संध्याकाळ होण्यापूर्वी मेट्स ५-३ ने जिंकून जगज्जेते झाले होते.